अभिगम नियंत्रण सूची, युनिक्समधील
अभिगम नियंत्रण सूची, युनिक्समधील : एखादी फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी व कोणी कार्यान्वित करावी, हे व्यक्तिशः वा गटशः ठरवून देणाऱ्या नोंदींच्या यादीस ‘अभिगम नियंत्रण सूची’ असे म्हणतात.

युनिक्स ही प्रचालन प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन, डेनिस रिची प्रभृतींनी विकसित करण्यास प्रारंभ केला. तिच्या परंपरागत पद्धतीत मालक, गट व इतर अशा तीन वर्गांना वाचन, लेखन व कार्यान्वयन या तीन अनुज्ञा देता येतात. या नऊ खुणा पुष्कळदा अपुऱ्या पडतात. उदा., लेखाशाखेच्या गटास खुली असलेली फाइल एकाच लेखापरीक्षकास केवळ वाचू द्यावयाची असल्यास त्यासाठी निराळा गट निर्माण करावा लागतो. सूचीत मात्र त्याच्या नावाची एक नोंद पुरते. ‘मास्क’ या नोंदीने नामनिर्देशित व्यक्ती व गट यांच्या अनुज्ञांची कमाल मर्यादा ठरते. या सूचींसंबंधीचा पॉसिक्स मानकाचा मसुदा १९९८ मध्ये मागे घेण्यात आला. तथापि अनेक प्रणालींनी तोच आधारभूत मानला.

फ्रीबीएसडी प्रणालीच्या यूएफएस-२ या फाइलव्यवस्थेत सूची दोन प्रकारे कार्यान्वित करता येतात : जोडणीच्या वेळी तसा पर्याय देऊन किंवा सुपरब्लॉकमध्ये कायम खूण नोंदवून. पहिल्या प्रकारात फाइलव्यवस्था पूर्णपणे सोडवून पुन्हा जोडावी लागते. रूट विभागावर स्वतः प्रणालीच उभी असल्यामुळे तो चालू स्थितीत सोडवता येत नाही. म्हणून संगणक एक-वापरकर्ता अवस्थेत सुरू करतात. या अवस्थेत रूट विभाग केवळ वाचनासाठी जोडलेला असतो. तेव्हा ‘ट्यूनएफएस’ या आज्ञेने सुपरब्लॉकमध्ये खूण नोंदवून संगणक पुन्हा सुरू करतात.

सुपरब्लॉकमधील खूण अधिक सुरक्षित होय. जोडणीच्या कोष्टकातील पर्याय अनवधानाने गळल्यास सूची अंमलात येत नाहीत व केवळ नऊ खुणा उरतात. अशा वेळी एखाद्या व्यक्तीस सूचीने नाकारलेली, परंतु ‘इतर’ वर्गास खुली असलेली फाइल तिला वाचता येते आणि कोणतीही सूचना न मिळता गोपनीयतेचा भंग होतो. खूण विभागातच नोंदलेली असल्यास हा धोका टळतो. सूची असलेल्या फाइलीच्या अनुज्ञांपुढे तपशीलवार यादीत अधिक (+) चिन्ह दिसते.