विजेच्या मोटारीला स्टेपनी कोणती?

गळिताचा हंगाम सुरू झाला की प्रवरेच्या काठच्या बेलापूर परिसरातले रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या ट्रॉल्या आणि रबरी टायरच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघतात. रस्त्यावर उसाची चिपाडे पडतात, तसे बैलांच्या पत्र्यांचे खिळेही पडतात. हे खिळे म्हणजे रबरी टायरचे शत्रूच! जुन्या लाकडी चाकाच्या बैलगाडीला त्यांचे भय नव्हते. तिच्या चाकावर लोखंडी धाव चढवलेली असे. धाव खडखडाट करी, पण तिला पंक्चर होत नसे. हवा भरलेल्या टायरने आपल्याला मऊ प्रवास दिला आणि त्याच्या जोडीला पंक्चरही दिले.

पंक्चर झालेले चाक काढून त्याजागी बसवायच्या जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. हा शब्द कोठून आला, ठाऊक आहे? १९०४ च्या सुमारास ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लानेली नावाच्या गावी टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी मोटारीसाठी एक जादा चाक तयार केले. त्या काळच्या मोटारींबरोबर जादा चाक नसे. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवायचा, ठिगळ लावायचे आणि पुन्हा चढवायचा. डेव्हिस बंधूंचे चाक म्हणजे आरे नसलेली, हवा भरलेला टायर चढवलेली एक धाव होती. ती बसलेल्या चाकालाच पकडींनी आवळून टाकायची. त्यांचे दुकान होते स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले आणि ते थेट आपल्या खेड्यातील पंक्चरच्या दुकानापर्यंत येऊन पोहोचले.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारीची डिकी उघडून पाहा. पुष्कळ मोटारींत तुम्हाला स्टेपनी दिसणार नाही. त्याऐवजी हवा भरण्याचा एक छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली दिसेल. याचे कारण सरळ आहे. विजेच्या मोटारीत जमिनीलगत मोठी बॅटरी बसवावी लागते. जेथे पूर्वी स्टेपनीसाठी खोलगट जागा असे, ती जागा बॅटरी किंवा इतर भाग घेतात. शिवाय वजन जितके कमी, तितके एका चार्जिंगमध्ये अंतर अधिक. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून लहान प्रवासी मोटारींना स्टेपनीवाचून धावण्याची मुभा दिली. अट अशी की टायर ट्यूबलेस असावेत, टायरमधील दाब सांगणारी यंत्रणा असावी आणि पंक्चर दुरुस्तीचा संच बरोबर असावा. या बदलामुळे विजेच्या मोटारीत मोठ्या बॅटरीला जागा मिळेल, असेही तेव्हा सांगण्यात आले होते.

मग स्टेपनी हवीच कशाला?

चिकट द्रव टायरच्या तळव्यातील लहान भोक बुजवतो. सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचे भोक असेल तर काम भागते. पण दगडाच्या धारेने किंवा खड्ड्याच्या काठाने टायरची बाजूची भिंत चिरली तर हा द्रव काहीच करू शकत नाही. मोठ्या शहरात अशा वेळी मदत लवकर मिळते. रात्री अकरा वाजता बेलापूरहून रुग्णाला घेऊन निघालेल्या मोटारीचे काय? तिला ओढून न्यावे म्हटले तर तेही सोपे नाही. विजेच्या मोटारीची चालक चाके फिरली की तिचे विद्युतचलित्र म्हणजे मोटरही फिरते आणि जनित्रासारखी वीज निर्माण करू लागते. म्हणून अशी गाडी दोरीने ओढू नये, तिची चारही चाके जमिनीवरून उचलून दुसऱ्या वाहनावर चढवूनच ती न्यावी, असे बहुतेक उत्पादक सांगतात.

म्हणून अनेक जण एक बारीक, हलकी, तात्पुरती स्टेपनी विकत आणून डिकीत ठेवायचे ठरवतात. पूर्ण चाकापेक्षा तिला जागा कमी लागते आणि वजनही कमी असते. पण कोणतीही स्टेपनी कोणत्याही मोटारीला चालत नाही. ती चार कसोट्यांना उतरली पाहिजे. गंमत अशी, की या चारही कसोट्या तुमच्या शाळेतील गणित आणि भौतिकशास्त्राने सोडवता येतात.

कसोटी पहिली : भोके जुळतात का?

चाक ज्या बोल्टांवर बसते, ते एका वर्तुळावर समान अंतराने असतात. या वर्तुळाचा व्यास स्टेपनीच्या भोकांच्या वर्तुळाएवढाच असला पाहिजे. बोल्ट चार असतील तर काम सोपे. समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या केंद्रांमधील अंतर म्हणजेच व्यास. पण बोल्ट पाच असले तर? तेव्हा कोणताही बोल्ट दुसऱ्याच्या बरोबर समोर येत नाही.

येथे भूमिती कामी येते. पाच बोल्ट मिळून एक सुसम पंचकोन होतो. शेजारच्या दोन बोल्टांनी केंद्राशी केलेला कोन ३६० भागिले ५, म्हणजे ७२ अंश. केंद्रातून त्या दोन बोल्टांना जोडणाऱ्या जीवेवर लंब टाका. कोनाचे ३६ अंशांचे दोन समान भाग होतील आणि जीवाही दुभागली जाईल. यावरून अर्धी जीवा म्हणजे त्रिज्या गुणिले ३६ अंशांची साइन, म्हणजेच ०.५८८. म्हणून व्यास काढण्यासाठी शेजारच्या बोल्टांमधील अंतराला ०.५८८ ने भागा, किंवा सुमारे १.७ ने गुणा.

समजा हे अंतर ६७.२ मिलिमीटर आले. तर व्यास ११४.३ मिलिमीटर. ६५.८ आले तर ११२ मिलिमीटर. ही दोन्ही मापे बाजारातील चाकांत सर्रास आढळतात. दोहोंत मोजायचा फरक आहे अवघा १.४ मिलिमीटर! शिंप्याच्या टेपने तो कळणार नाही. तेथे प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरच हवा. भोकाचा मध्य सापडणे अवघड असते, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे. उत्तर तेच येते.

इतक्या थोड्या फरकाने बिघडते काय? नट कसेबसे आवळले जातात, पण आपल्या शंकूसारख्या बैठकीत नीट बसत नाहीत. मग चाक हादरते, नट सैल होतात, बोल्टवर तिरका ताण पडतो. चालत्या मोटारीचे चाक निखळणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

चाकाच्या मधले मोठे भोकही पाहावे. ते मोटारीच्या तुंब्यापेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही. शेवटी चाक बसवून हाताने फिरवून पाहावे. ब्रेकच्या पकडीला किंवा आतल्या कोणत्याही भागाला ते घासता कामा नये. मोठे ब्रेक असलेल्या मोटारीत लहान रिम येथेच अडते. पुढच्या व मागच्या ब्रेकचे आकार वेगळे असू शकतात, म्हणून दोन्हीकडे बसवून पाहावे.

कसोटी दुसरी : उंची जुळते का?

टायरच्या बाजूला अंक असतात. समजा तेथे २१५/६० आर १६ असे आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के. ‘आर’ हे अक्षर टायरच्या आतील दोऱ्यांची रचना दाखवते आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. आता हिशेब करू. भिंतीची उंची २१५ च्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. रिम १६ गुणिले २५.४, म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते. म्हणून चाकाचा एकूण व्यास ६६४.४ मिलिमीटर झाला.

तात्पुरत्या स्टेपनीच्या अंकांपूर्वी ‘टी’ हे अक्षर असते. बाजारात दोन स्टेपन्या मिळाल्या असे धरू. पहिली टी १२५/७० डी १६ आणि दुसरी टी १३५/९० डी १६. दोहोंची रिम १६ इंचीच, म्हणून दोन्ही सारख्याच वाटतील. पण वरच्या रीतीने व्यास काढा. पहिलीचा ५८१.४ येतो आणि दुसरीचा ६४९.४. पहिली मूळ चाकापेक्षा साडेबारा टक्क्यांनी लहान आहे, तर दुसरी फक्त सव्वादोन टक्क्यांनी.

चाक लहान असले तर तेच अंतर तोडायला त्याला अधिक फेरे घ्यावे लागतात. एका किलोमीटरला मूळ चाक सुमारे ४७९ फेरे घेते, दुसरी स्टेपनी ४९० आणि पहिली ५४७. म्हणजे पहिली स्टेपनी किलोमीटरमागे ६८ फेरे जास्त घेणार. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरन्शियल ही दातेरी चाकांची जोडणी सरळ रस्त्यावरही सारखी राबत राहील आणि तापेल. शिवाय आजच्या मोटारीतील यंत्रणा प्रत्येक चाकाचे फेरे मोजत असते. एक चाक भराभर फिरताना दिसले की ते घसरत आहे असे समजून ती ब्रेक लावू लागेल किंवा शक्ती कमी करील. म्हणून व्यासातील फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत असावा.

आणखी एक काळजी. विजेच्या मोटारीचा वेग कमी करताना मोटरच जनित्र बनून ब्रेकचे काम करते आणि तो जोर चालक चाकांवरच पडतो. म्हणून स्टेपनी शक्यतो चालक चाकांच्या जागी लावू नये. मोटार पुढच्या चाकांनी चालणारी असेल आणि पंक्चर पुढच्या चाकाला झाले असेल, तर मागचे चांगले चाक पुढे लावावे व स्टेपनी मागे. मेहनत दुप्पट, पण धोका कमी.

कसोटी तिसरी : वजन झेपते का?

बॅटरीमुळे विजेची मोटार तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या मोटारीपेक्षा कित्येकदा दीडदोनशे किलोग्रॅमने जड असते. टायर किती भार पेलेल हे त्यावरील भारांकावरून कळते. हा अंक म्हणजे किलोग्रॅम नव्हे. ८५ म्हणजे ५१५ किलोग्रॅम, ९५ म्हणजे ६९० आणि १०२ म्हणजे ८५०. स्टेपनीचा भारांक मूळ टायरच्या भारांकाहून कमी नसावा, हा सोपा नियम.

इतका बारीक टायर एवढा भार कसा पेलतो? याचे उत्तर दाबात आहे. नेहमीच्या टायरमध्ये ३३ पौंडांच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.३ किलोग्रॅम हवा असते. तात्पुरत्या स्टेपनीत ६० पौंड, म्हणजे ४.२ किलोग्रॅम भरावी लागते. चाकावर ४५० किलोग्रॅम भार असेल, तर ढोबळमानाने मूळ टायर ४५० भागिले २.३, म्हणजे सुमारे १९६ चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतो. स्टेपनी मात्र सुमारे १०७ चौरस सेंटिमीटरच टेकते. टेकणारा भाग जवळजवळ निम्मा झाला आणि त्यावरील रबरही पातळ. म्हणून ओल्या रस्त्यावर पकड कमी पडते आणि वेगाने धावल्यास टायर तापतो. तात्पुरत्या स्टेपनीवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते ती यासाठीच. तीही कमाल मर्यादा आहे. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याहून बरेच सावकाश जावे आणि जवळच्या पंक्चरच्या दुकानी थांबावे.

दोन-तीन महिन्यांनी स्टेपनीची हवा तपासली पाहिजे. ऐन वेळी तीच बसलेली निघाली, तर तिचा काय उपयोग?

जुन्या बाजारातून स्टेपनी घेत असाल तर तिचे वयही वाचा. टायरच्या भिंतीवर चार अंकांचा एक शिक्का असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. एकदाही न वापरलेला टायर नवा दिसतो, पण रबर पडून राहूनही कडक होते व चिरते. दहा वर्षांहून जुनी स्टेपनी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

कसोटी चौथी : ठेवायची कोठे?

खोलगट जागा नसल्यामुळे स्टेपनी डिकीत मोकळीच ठेवली जाते. समजा तिचे वजन १५ किलोग्रॅम आहे आणि मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जाऊन कशावर तरी आदळली. ताशी ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. मोटार एक दशांश सेकंदात थांबली, तर तिचे मंदन दर सेकंदाला सेकंदी १३९ मीटर. स्टेपनीला जागेवर धरून ठेवायला लागणारे बल १५ गुणिले १३९, म्हणजे सुमारे २,०८५ न्यूटन, अर्थात दोनशे किलोग्रॅमहून अधिक वजनाएवढे. स्टेपनी बांधलेली नसेल, तर हा धक्का मागच्या आसनावरील माणसाच्या पाठीला बसेल. म्हणून ती डिकीतील लोखंडी कड्यांना मजबूत पट्ट्याने आवळूनच ठेवावी.

जॅक लावतानाही सावध राहावे. मोटार सपाट, टणक जागी उभी करावी, हातब्रेक लावावा, दुसऱ्या चाकाला दगडाची उटी द्यावी. जॅक फक्त उत्पादकाने खुणावलेल्या जागीच लावावा. बॅटरी मोटारीच्या पोटाखाली असते. तिच्यावर जॅक टेकला तर तिचे कवच दबून मोठे नुकसान होऊ शकते. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

विद्यार्थी मित्रांनो, यातले बरेचसे तुम्ही उद्याच करून पाहू शकता. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या मालकाची परवानगी घ्या. टायरवरील अंक वहीत उतरवा आणि चाकाचा व्यास गणिताने काढा. मग टायरवर खडूने खूण करून, मोटार अगदी सावकाश पुढे नेण्यास सांगा आणि एका फेऱ्यात ती किती अंतर जाते ते जमिनीवर मोजा. मोजलेले अंतर हिशेबाच्या परिघापेक्षा थोडे कमी भरेल. असे का व्हावे? टायर जेथे जमिनीला टेकतो तेथे त्याचा आकार कसा दिसतो, हे नीट पाहा. उत्तर तुम्हाला तेथेच सापडेल. आणि घरी, शेजारी किंवा शिक्षकांकडे विजेची मोटार असेल, तर तिची डिकी उघडून पाहायला विसरू नका. स्टेपनी नसेल, तर हा हिशेब त्यांना करून द्या. असेल, तर तिची हवा तपासायला सांगा.