*मुलांच्या कॉलेजसाठी ट्रस्टची मदत कशी घ्यायची?*



पेरणी आणि कॉलेजची फी, दोन्ही एकाच वेळी येतात. बियाणं-खतात खिसा रिकामा होतो, मग फीसाठी सावकार नाहीतर गोठ्यातली गाय. माझ्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी आमच्याही घरची गाय विकली. ट्रस्ट मदत करतात हे दुसऱ्या वर्षी कळलं. म्हणून आज फवारणीऐवजी हा मेसेज.

*१) आधी सरकारी योजना*
महाडीबीटीवर अर्ज भराच. व्यावसायिक कोर्सला सरकारी प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) गेलेल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या, नियमात बसणाऱ्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

*२) उरलेल्या खर्चाला ट्रस्ट*
राहणं, जेवण, पुस्तकं यांचा खर्च उरतोच. पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींची कमी खर्चात राहण्या-जेवणाची सोय करते. लीला पूनावाला फाउंडेशन मुलींना शिष्यवृत्ती देतं. परदेशी शिक्षणासाठी जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती, फेडावी लागते.
एकावर विसंबू नका, दोन-तीन ठिकाणी अर्ज करा. दुसरीकडून मिळालेली मदत लपवू नका.

*३) फाईल तयार ठेवा*
✅ तहसीलचा उत्पन्नाचा दाखला
✅ गुणपत्रिका, बोनाफाईड
✅ कॉलेजचं फीचं पत्रक
✅ आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा
अर्जात मोघम "गरीब आहे" लिहू नका. जमीन किती, कोरडवाहू की बागायती, घरात शिकणारे किती, पैसे किती कमी पडतात, ते आकड्यात लिहा. मुलाखतीला हेच विचारतात.

*४) इथे सावध* ⚠️
"आधी प्रोसेसिंग फी भरा" म्हणणाऱ्याला रुपयाही देऊ नका. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तपासता येतो.
"स्वतःचाच ट्रस्ट काढा, त्यातून पोराची फी भरा, टॅक्स वाचवा" असं कुणी सांगितलं तरी भुलू नका. धर्मादाय ट्रस्टचा पैसा काढणाऱ्याच्याच नातेवाइकांवर खर्च केला तर आयकरातली सूट जाते. आणि आपल्या शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीच, मग वाचवणार काय?

दाखल्याला वेळ लागतो, म्हणून सेतूत उद्याच जा. अर्ज भरताना अडलं तर फाईल घेऊन कंपनीच्या ऑफिसला या, सोबत बसून भरू. गाय गोठ्यातच राहू द्या.

– आपला कृषी सल्लागार