८०८५चे पाच फ्लॅग कशाला शिकायचे?

घाटंजी असो की मुंबई, राज्य मंडळाचा बारावीचा संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम एकच, आणि त्यात इंटेलचा १९७६ सालचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर वर्षानुवर्षे शिकवला गेला आहे. इतकी जुनी चिप आता कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तरीही ती शिकवावी, असे माझे ठाम मत आहे. फक्त सुरुवात आज्ञांच्या तक्त्यापासून नव्हे, फ्लॅगपासून, म्हणजे गणिताच्या निकालाची खूण ठेवणाऱ्या एकेका बिटापासून, करावी. १५६ मध्ये १०० मिळवून पाहा. उत्तर २५६, पण आठ बिटांत २५५च्या पुढे काही मावत नाही, म्हणून अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे उत्तर ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये, उरते शून्य. कॅरी फ्लॅग १ झालेला दिसतो तेव्हाच हे शून्य खरे नाही, वरचा हातचा बाहेर पडला आहे, हे कळते. झिरो फ्लॅगही १ होतो. साइन, पॅरिटी आणि ऑक्झिलरी कॅरी हे उरलेले तीन. पुढच्या उडीच्या आज्ञा यांतल्याच एखाद्या बिटाकडे बघून वाट ठरवतात (ऑक्झिलरी कॅरी तेवढा दशमान बेरजेपुरता). यंत्राचा ‘निर्णय’ म्हणतात तो एवढाच.

कोणती आज्ञा फ्लॅगला हात लावत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. आठ बिटांच्या संख्येतून एक वजा करणारी डीसीआर झिरो फ्लॅग बदलते, पण तेच काम करणारी १६ बिटांची डीसीएक्स एकही फ्लॅग बदलत नाही. तिच्यानंतर जेएनझेड (झिरो फ्लॅग १ नसेल तर उडी) लिहिली, तर ती जुनाच फ्लॅग वाचते आणि प्रोग्राम फिरतच राहतो किंवा पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. उपाय सोपा: त्या १६ बिटांतला एक बाइट अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये घेऊन दुसऱ्याशी ‘ऑर’ करायचा. हे पाठांतराने येत नाही; प्रत्येक ओळीनंतरचे फ्लॅग हाताने मांडावे लागतात.

त्यापेक्षा पायथन शिकवा, असे कोणी म्हणेल. जरूर शिकवावे, पण पायथनमधली ‘जर’ची ओळही शेवटी प्रोसेसरमधल्या तुलनेपर्यंतच उतरते. आजच्या इंटेल संगणकांतही हे पाच फ्लॅग त्याच जागांवर आहेत: साइन सातव्या बिटावर, झिरो सहाव्या, कॅरी शून्याव्या. याहून वजनदार आक्षेप असा, की आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर ज्या रिस्क-फाइव्ह रचनेवर उभा आहे, तिच्यात असे फ्लॅग रजिस्टरच नाही. तिथे तुलना आणि उडी एकाच आज्ञेत होते. पण तसे का केले, हे डीसीएक्सपाशी अडलेल्या मुलाला लगेच पटेल: फ्लॅग शेवटचा कोणी बदलला, हे शोधत बसण्याची पाळीच तिथे येत नाही.