तळघरातील स्वर : इलियट स्मिथची एकल संगीतकारकीर्द

प्रास्ताविक

मराठी भावगीताच्या परंपरेत कवी, संगीतकार आणि गायक या बहुधा तीन स्वतंत्र व्यक्ती असतात. ‘शुक्रतारा’ हे गीत मंगेश पाडगावकरांचे, त्याची चाल श्रीनिवास खळे यांची आणि स्वर अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे, हे रसिकाला ठाऊक असते. त्यामुळे गीतातील ‘मी’ म्हणजे गायक स्वतःच, असा घोटाळा सहसा होत नाही. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात १९६० नंतर दृढमूल झालेल्या ‘गायक-गीतकार’ या प्रकारात मात्र शब्द, चाल, वादन आणि गायन एकाच व्यक्तीचे असते. साहजिकच श्रोता गीतातील ‘मी’चा संबंध थेट कलावंताच्या चरित्राशी जोडतो. अमेरिकन गायक-गीतकार इलियट स्मिथ (१९६९–२००३) याच्या बाबतीत ही प्रवृत्ती इतकी टोकाला गेली की, त्याच्या गाण्यांपेक्षा त्याच्या मृत्यूचीच चर्चा अधिक झाली. स्मिथच्या एकल कारकिर्दीचा विचार येथे चरित्राच्या अंगाने न करता ध्वनिमुद्रणाच्या व रचनेच्या अंगाने केला आहे. कारण त्याचे वेगळेपण त्या कारागिरीत आहे.

‘इंडी’ ही ‘इंडिपेंडंट’ या शब्दाची संक्षिप्त रूपातील संज्ञा होय. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर, अल्प भांडवलावर चालणाऱ्या छोट्या प्रकाशनसंस्थांमार्फत जे रॉक संगीत १९८० च्या दशकापासून बाहेर येऊ लागले, त्याला इंडी रॉक म्हटले जाऊ लागले. पुढे हा शब्द आर्थिक व्यवस्थेपेक्षा एका विशिष्ट नादशैलीचाच वाचक बनला.

बँडमधून एकट्याकडे

स्मिथचा जन्म नेब्रास्कातील ओमाहा येथे झाला. त्याचे बालपण टेक्सासमध्ये गेले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी तो ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे वडिलांकडे राहावयास आला. मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशर कॉलेजातून त्याने १९९१ मध्ये पदवी घेतली. तेथेच भेटलेल्या नील गस्ट याच्यासह त्याने पोर्टलंडमध्ये ‘हीटमायझर’ हा बँड स्थापन केला. या बँडचे संगीत मोठ्या आवाजाचे, विद्युत गिटारांच्या गडगडाटाचे होते. त्यात गाणाऱ्यास ओरडावे लागे.

एखाद्या बँडचा गायक नावलौकिक मिळाल्यानंतर बाहेर पडून एकल कारकीर्द सुरू करतो, हा नेहमीचा क्रम. स्मिथच्या बाबतीत तसे घडले नाही. बँड चालू असतानाच, घराच्या तळघरात चार पट्ट्यांच्या कॅसेट यंत्रावर त्याने काही गाणी एकट्याने मुद्रित केली. ती पूर्ण अल्बम म्हणून प्रसिद्ध व्हावीत असा त्याचा हेतू नव्हता. पोर्टलंडच्या ‘कॅव्हिटी सर्च’ या लहान संस्थेने मात्र ती आहे तशीच प्रकाशित करण्याचे ठरवले आणि १९९४ मध्ये ‘रोमन कँडल’ हा नऊ रचनांचा अल्बम बाहेर आला. त्यातील चार गाण्यांना नावेसुद्धा नाहीत. त्यांना केवळ क्रमांक आहेत. १९९५ चा, त्याचेच नाव धारण करणारा दुसरा अल्बम आणि १९९७ चा ‘आयदर/ऑर’ हे दोन्ही ‘किल रॉक स्टार्स’ या संस्थेने काढले. (रॉकतारकांचा निःपात करा, असे सुचविणाऱ्या नावाच्या संस्थेने एक तारका घडवावी, हा एक विनोदच म्हणावा लागेल.) हीटमायझरचा अखेरचा अल्बम १९९६ मध्ये आला, तेव्हा बँड प्रत्यक्षात मोडलेला होता.

चार पट्ट्यांचे तंत्र

येथे ध्वनिमुद्रणाच्या तंत्राकडे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. चार पट्ट्यांच्या कॅसेट यंत्रात फितीची रुंदी चार समांतर पट्ट्यांमध्ये विभागलेली असते. पहिल्या पट्टीवर गिटार मुद्रित करावयाची, ती कानात ऐकत दुसऱ्या पट्टीवर आवाज भरावयाचा, मग तिसरी, मग चौथी. चारही भरल्या आणि आणखी काही घालावयाचे असले, तर भरलेल्या पट्ट्या एकत्र करून एका रिकाम्या जागेवर उतरवाव्या लागतात. अशा प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते आणि नादाचा तजेला कमी होतो. शिवाय एकदा एकत्र केलेले पुन्हा सुटे करता येत नाही. म्हणजे प्रत्येक स्तर चढविण्यापूर्वी तो खरोखर हवा आहे काय, याचा निर्णय करावा लागतो. स्मिथच्या आरंभीच्या गाण्यांतील काटकसर ही केवळ स्वभावाची नव्हे, तर या यंत्राची देणगी होय.

या मर्यादेतही एका गोष्टीवर त्याने सढळपणे जागा खर्च केली, ती म्हणजे स्वतःचा आवाज. एकच ओळ तो दोनदा गात असे आणि दोन्ही मुद्रणे एकावर एक ठेवत असे. दोन वेळा गाताना स्वर आणि काळ यांत केसभर फरक पडतोच. त्या फरकामुळे एकाच कंठाला रुंदी येते, कडा मऊ होतात. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांत हे तंत्र पूर्वीच वापरले गेले होते. स्मिथचे वैशिष्ट्य असे की, त्याने ते कुजबुजीला लावले. मायक्रोफोनच्या अगदी जवळ, जवळपास श्वासाच्या पातळीवर गायिलेला आवाज दुहेरी झाला म्हणजे श्रोत्याला एकाच वेळी विलक्षण जवळीक आणि किंचित अवास्तवता जाणवते. ज्याला ‘प्रामाणिक’, ‘उघडावाघडा’ आवाज म्हणून गौरविले गेले, तो असा काळजीपूर्वक घडविलेला होता.

हीच गोष्ट स्वररचनेची. गिटारच्या तारा बोटांनी छेडत असताना खालचा स्वर अर्ध्या-अर्ध्या पायरीने उतरत जातो आणि वरची चाल मात्र वेगळ्याच वळणाने जाते, ही त्याची आवडती युक्ती. तीन मात्रांच्या वॉल्ट्झ या नृत्यलयीवरही त्याचे प्रेम होते. १९९८ च्या अल्बमातील दोन गाण्यांच्या नावांतच तो शब्द आहे. दादऱ्याच्या झोक्याची सवय असलेल्या कानाला ती लय परकी वाटू नये.

गीतातील ‘मी’

‘आयदर/ऑर’ हे नाव डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द याच्या १८४३ च्या ग्रंथावरून घेतलेले आहे. त्या ग्रंथावर किर्केगार्दचे स्वतःचे नाव नव्हते. दोन काल्पनिक लेखकांची कागदपत्रे एका काल्पनिक संपादकाने प्रसिद्ध केली, असा त्याचा बहाणा होता. महाविद्यालयात तत्त्वज्ञान अभ्यासलेल्या गीतकाराने हे नाव निवडावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या अल्बमातील ‘बिट्वीन द बार्स’ या गाण्यात बोलणारा प्रेमिक आहे असे प्रथम वाटते. लक्षपूर्वक ऐकल्यास ते मद्य स्वतःच माणसाशी लाडीगोडीने बोलत आहे, असा अर्थ उलगडतो. हे वाचन मान्य केले तर तेथील ‘मी’ स्मिथ नाहीच. शीर्षकातील ‘बार्स’ हा शब्दही गुत्ता, तुरुंगाचे गज आणि संगीतातील मात्रांचे खंड अशा तिन्ही अर्थांनी घेता येतो. ही योजना कबुलीजबाबाची नव्हे, नाट्याची आहे. आपली गाणी म्हणजे दैनंदिनी नव्हे, हे स्मिथ मुलाखतींतून सांगत असे. त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

मोठा रंगमंच

पोर्टलंडमध्ये राहणारा चित्रपट-दिग्दर्शक गस व्हॅन सँट याने ‘गुड विल हंटिंग’ (१९९७) या चित्रपटात स्मिथची गाणी वापरली. त्यातील ‘मिस मिझरी’ या गाण्यास ऑस्करचे नामांकन मिळाले. २३ मार्च १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे झालेल्या सोहळ्यात पांढऱ्या सुटातील स्मिथने ते गाणे, काटछाट केलेल्या रूपात, वाद्यवृंदाच्या साथीने गायिले. तो तयार न झाल्यास दुसऱ्या कोणाकडून ते गाऊन घेतले जाईल, असे त्याला सांगण्यात आले होते. पारितोषिक ‘टायटॅनिक’मधील सेलिन डिऑनने गायिलेल्या गाण्याला मिळाले. त्या दृश्याचे वर्णन पुढे सिंहाच्या गुहेत सापडलेला कोकरू अशा थाटात करण्यात आले. स्वतः स्मिथने मात्र डिऑनच्या सौजन्याविषयी आदरानेच सांगितले.

यानंतर ‘ड्रीमवर्क्स’ या मोठ्या कंपनीमार्फत ‘एक्सओ’ (१९९८) आणि ‘फिगर एट’ (२०००) हे अल्बम आले. पियानो, तंतुवाद्ये, सुषिरवाद्ये, टॉम रॉथरॉक व रॉब श्नाफ यांचे निर्मितिसाहाय्य, काही मुद्रण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, अशी साधनांची समृद्धी आता त्याला लाभली. छोट्या संस्थेचा कलावंत मोठ्या कंपनीकडे गेला म्हणजे त्याने स्वतःला विकले, ही इंडी वर्तुळातील ठरीव प्रतिक्रिया. ‘फिगर एट’च्या काही गाण्यांत सजावटीचा भार चालीला पेलत नाही, हे मान्य करावे लागेल. पण ‘एक्सओ’चे शेवटचे गाणे ऐकावे. त्यात एकही वाद्य नाही. स्मिथचाच आवाज अनेक स्तरांत स्वतःची साथ करतो. चार पट्ट्यांवर जे दोन आवाजांत करावे लागे, तेच येथे विस्ताराने केलेले आहे. स्टुडिओ बदलला तरी पद्धत तळघरातीलच राहिली.

अपुरे राहिलेले

पुढील काळात व्यसन आणि आजारपण यांमुळे काम वारंवार खंडित झाले. २१ ऑक्टोबर २००३ रोजी लॉस एंजेलिस येथे, वयाच्या ३४ व्या वर्षी, छातीवरील जखमांमुळे स्मिथचा मृत्यू झाला. शवचिकित्सेच्या अहवालात मृत्यूच्या स्वरूपाबाबत निश्चित निर्णय देण्यात आला नाही. अनेक समीक्षकांनी तो परस्पर देऊन टाकला आणि त्याच्या उजेडात जुनी गाणी पुन्हा वाचली.

त्याच्यामागे राहिलेल्या मुद्रणांचे काय करावयाचे, हा प्रश्न कुटुंबीयांसमोर होता. त्यांच्या सांगण्यावरून रॉब श्नाफ आणि जोॲना बोल्मी यांनी अंतिम मिश्रण केले व ऑक्टोबर २००४ मध्ये ‘फ्रॉम अ बेसमेंट ऑन द हिल’ हा पंधरा रचनांचा अल्बम प्रसिद्ध झाला. बिलबोर्डच्या अल्बम-यादीत ‘एक्सओ’ने १०४ वे आणि ‘फिगर एट’ने ९९ वे स्थान गाठले होते, या अल्बमने १९ वे गाठले. ध्वनिमुद्रणात मिश्रण ही दुय्यम क्रिया नव्हे. कोणता आवाज पुढे, कोणता मागे, खरखर ठेवायची की पुसायची, हे तेथे ठरते आणि स्मिथच्या बाबतीत तर रचनाच तेथे पूर्ण होत असे. स्मिथला ही गाणी अधिक खडबडीत, कदाचित दुहेरी अल्बमच्या रूपात हवी होती, असे शेवटच्या काळातील काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते. म्हणून हा अल्बम स्मिथचा सहावा अल्बम न मानता, त्याच्या साहित्यावरून विश्वासू हातांनी तयार केलेली संपादित आवृत्ती मानणे अधिक योग्य. २००७ मध्ये आलेल्या ‘न्यू मून’ या चोवीस गाण्यांच्या संग्रहाबाबत ही अडचण तितकीशी येत नाही. १९९४ ते १९९७ या काळातील ती मुद्रणे बहुतांशी त्यानेच पुरी केलेली होती, आणि त्याच्या विक्रीतील काही वाटा पोर्टलंडमधील बेघर तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थेस देण्यात आला.