दम लागतो तेव्हा

धावत जाऊन गाडी पकडली, पाण्याची घागर घेऊन तीन जिने चढलो किंवा तासभर कुदळ चालवली, की आपल्याला दम लागतो. ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण स्वतःची समजूत घालतो, किंवा काही विकार तर जडला नाही ना, या शंकेने धास्तावतो. वास्तविक श्रमानंतर दम लागणे हे बहुतेक वेळा शरीर आपले काम चोख बजावीत असल्याचे लक्षण असते. ते कसे, हे या पाठात समजून घेऊ.

स्वस्थ बसलेली प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारणपणे १२ ते १६ वेळा श्वास घेते. प्रत्येक श्वासाबरोबर सुमारे अर्धा लीटर हवा आत जाते. म्हणजेच मिनिटाला ६ ते ८ लीटर. श्रम सुरू होताच स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो आणि कार्बन डायऑक्साइडही अधिक तयार होतो. हालचाल करणाऱ्या स्नायूंकडून व सांध्यांकडून मेंदूला तत्काळ सूचना मिळतात आणि श्वसन वाढते. रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणानुसार मेंदू पुढे ही वाढ नेमकी राखतो.

श्वसन दोन प्रकारे वाढू शकते : श्वास खोल होऊन किंवा श्वासांची संख्या वाढून. भरभर चालण्यासारख्या मध्यम श्रमात प्रामुख्याने श्वास खोल होतो. यात शरीराचा हिशेब आहे. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलीटर हवा श्वासनलिकेसारख्या मार्गातच राहते. वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. अर्ध्या लीटरच्या श्वासात ही घट जवळजवळ एकतृतीयांश असते, तर दोन लीटरच्या श्वासात ती नगण्य ठरते. म्हणून उथळ आणि घाईच्या श्वासापेक्षा खोल श्वास किफायतशीर असतो.

परंतु खोलीलाही मर्यादा आहे. पूर्ण श्वास भरून घेतल्यावर जास्तीत जास्त किती हवा बाहेर टाकता येते, हे मोजण्यासाठी इंग्लंडमधील वैद्य जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटर हे यंत्र वापरले आणि १८४६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी प्रौढांत ही क्षमता साधारणपणे ३ ते ५ लीटर असते. कठोर श्रमात एकेक श्वास या क्षमतेच्या सुमारे निम्म्यापर्यंत किंवा थोडा अधिक खोल होतो. त्यापुढे छाती फुगविण्यासच फार कष्ट पडतात. मग श्वासांची संख्या झपाट्याने वाढते. मिनिटाला ४० श्वास आणि प्रत्येकी अडीच लीटर, असा हिशेब केला, तर फुप्फुसांतून मिनिटाला १०० लीटर हवा खेळते!

आता कबड्डीतील चढाई आठवा. सर्व शरीर धावपळ करीत असताना, अधिक हवेची मागणी होत असताना, चढाई करणारा खेळाडू ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत एकच श्वास पुरवून वापरतो. ‘दम टिकवणे’ किती अवघड आहे, हे यावरून ध्यानात येईल.

नियमित व्यायामाने फुप्फुसे मोठी होतात, असा समज आहे. पण प्रौढ वयात त्यांचे आकारमान फारसे वाढत नाही. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायू प्राणवायूचा अधिक चांगला उपयोग करू लागतात. म्हणूनच सवयीने तोच जिना चढताना पूर्वीपेक्षा कमी दम लागतो.

श्रमाची तीव्रता ओळखण्यास यंत्राची गरज नाही. बोलता येते पण गाता येत नाही, तेव्हा व्यायाम मध्यम समजावा. चार शब्दांनंतर थांबावे लागले, तर तो कठोर. मात्र स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा नेहमीच्या कामात दिवसेंदिवस अधिक दम लागत असेल, तर वयाला दोष न देता डॉक्टरांना दाखवावे. श्रमाने लागलेला दम विश्रांतीने ओसरतो; जो ओसरत नाही, त्याकडे दुर्लक्ष करू नये.