पक्ष्मसौंदर्य आणि मस्काऱ्याचे दावे : एक प्रमाणपरीक्षा

डोळ्यांची तक्रार घेऊन येणाऱ्या तरुण रुग्णांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ‘डॉक्टर, हा मस्कारा आयुर्वेदिक आहे. लावला तर चालेल ना? यानं पापण्या खरंच वाढतात का?’ सोबत आणलेल्या वेष्टनावर एरंडतेल, बदामतेल, त्रिफळा अशी नावे असतात आणि लांब, दाट, पोषित पापण्यांचे आश्वासन असते. प्रश्न वरकरणी सौंदर्यप्रसाधनाचा वाटतो. तथापि वेष्टनावर आयुर्वेदाचे नाव आले की उत्तराची जबाबदारी वैद्यावर येते. ‘लावा, काही होत नाही’ असे सहज म्हणून टाकणे म्हणजे त्या दाव्याला आपली साक्ष देणे होय. म्हणून नवा मस्कारा कसा पारखावा, त्याचे दावे कोणत्या प्रमाणांनी तपासावेत आणि रुग्णाला नेमके काय सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

पक्ष्मांची रचना व कार्य

वरच्या वर्त्माच्या कडेवर साधारणपणे ९० ते १५० आणि खालच्या कडेवर सुमारे ७० ते ८० केस असतात. वरच्या केसांची लांबी ८ ते १२ मिलिमीटर असते. डोक्याचा केस कित्येक वर्षे वाढत राहतो. पापणीच्या केसाची वाढीची अवस्था मात्र साधारण एक ते अडीच महिन्यांचीच असते. त्यानंतर तो विश्रांतीच्या अवस्थेत जातो व काही महिन्यांनी गळून पडतो. वाढीच्या काळातही त्याचा वेग दिवसाला सुमारे ०.१२ मिलिमीटर एवढाच असतो. पापण्या आखूड राहतात त्याचे कारण हे चक्र होय.

डोळ्यांत धूळ व घाम जाऊ न देणे, स्पर्श होताच डोळा मिटविणे ही पक्ष्मांची कार्ये सर्वांस परिचित आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये यात एक महत्त्वाची भर घातली. २२ जातींच्या सस्तन प्राण्यांची मोजमापे घेतली असता पक्ष्मांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एकतृतीयांश असल्याचे त्यांना आढळले. या लांबीचे केस डोळ्यासमोरील हवेचा वेग मंदावतात व अश्रूंचे बाष्पीभवन कमी करतात. त्याहून लांब केस उलट हवा डोळ्याकडेच वळवितात. ‘जितकी लांब तितकी चांगली’ ही जाहिरातीची धारणा नेत्राच्या हिताशी जुळत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

मस्काऱ्याचे घटक

मस्कारा म्हणजे मूलतः रंग, मेण आणि पातळ पापुद्रा तयार करणारे द्रव्य यांचे मिश्रण. काळ्या रंगासाठी लोहाची ऑक्साइडे किंवा शुद्ध केलेला कार्बन वापरतात. मधमाशांचे मेण व कार्नोबा मेण यांनी केसाला जाडी येते. ॲक्रिलेट वर्गातील बहुवारिके केसावर पापुद्रा धरतात. काही प्रकारांत नायलॉनचे बारीक तंतू असतात. ते केसाच्या टोकाशी चिकटून लांबी वाढल्याचा भास निर्माण करतात. पाण्यात न विरघळणाऱ्या प्रकारात चटकन उडून जाणारे द्रावक असते. तो काढण्यासाठी तेल लागते व चोळावे लागते. पाणी असलेल्या सर्व प्रकारांत जंतुवाढ रोखणारे परिरक्षक असावेच लागते.

येथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. पापणीच्या केसाचे टोक बारीक व फिकट असल्याने दुरून दिसत नाही. त्यावर रंग चढला की मूळचीच लांबी डोळ्यात भरते. मस्काऱ्याचा पुष्कळसा ‘चमत्कार’ एवढाच आहे. त्यात फसवणूक काहीच नाही. ‘केस दिसतो’ याऐवजी ‘केस वाढतो’ असे म्हटले की फसवणूक सुरू होते.

चार प्रमाणांची कसोटी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ति अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. प्रसाधनाच्या दाव्यांनाही ती यथार्थपणे लागू पडते.

१. आप्तोपदेश. रज व तम यांपासून मुक्त, म्हणजे ज्याच्या बोलण्यात स्वार्थ व मोह नाही, तो आप्त. मोबदला घेऊन जाहिरात करणारी व्यक्ती या व्याख्येत बसत नाही, मग ती कितीही लोकप्रिय असो. २००७ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने लॉरेआल कंपनीच्या एका मस्काऱ्याच्या जाहिरातीविरुद्धची तक्रार मान्य केली. पापण्या ६० टक्क्यांपर्यंत लांब होतात असा तीत दावा होता. जाहिरातीतील अभिनेत्रीच्या पापण्यांत काही कृत्रिम केस बसविलेले होते, हे प्रेक्षकांना सांगितले नव्हते; ही वाढ केवळ दिसण्यातील आहे, हेही स्पष्ट केले नव्हते. ‘पर्यंत’ हा शब्दही जपून वाचावा. एका स्त्रीच्या बाबतीत ६० व इतरांच्या बाबतीत ५ टक्के फरक पडला, तरी ‘६० टक्क्यांपर्यंत’ हे विधान शब्दशः खरे ठरते.

२. प्रत्यक्ष. नवा मस्कारा पाहावयाचा तर तो एकाच डोळ्याला लावावा व दुसऱ्या डोळ्याला नेहमीचा लावावा, किंवा तो तसाच ठेवावा. त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून, त्याच वेळी दोन्ही डोळ्यांचे छायाचित्र घ्यावे: लावल्यावर लगेच, सहा तासांनी आणि धुतल्यानंतर. कोणत्या डोळ्याला काय लावले हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीस ती छायाचित्रे दाखवावीत. दाट व लांब दिसणे, न ओघळणे, गुठळ्या न होणे, सहज निघणे हे दावे या रीतीने दोनचार दिवसांत पारखता येतात. धुतल्यानंतरच्या छायाचित्रात दोन्ही डोळे सारखेच दिसले, तर परिणाम केवळ लेपाचा होता हे रुग्णेला स्वतःच समजते. पापणी सुजणे, खाज, लाली, अश्रुस्राव यांपैकी काही आढळल्यास प्रयोग तत्काळ थांबवावा.

३. अनुमान. केस १० मिलिमीटरचा धरला तर ६० टक्के वाढ म्हणजे ६ मिलिमीटर. दिवसाला ०.१२ मिलिमीटर या वेगाने त्यास ५० दिवस लागतील आणि तेवढ्या अवधीत अनेक केसांची वाढीची अवस्था संपलेली असेल. विश्रांतीच्या अवस्थेतील केस तर वाढणारच नाहीत. एका लेपनात किंवा आठवड्यात पापण्या ‘वाढविण्याचा’ दावा केवळ या गणितानेच बाद होतो.

४. युक्ति. अनेक कारणांच्या संयोगातून कार्य घडते, त्यांतील प्रत्येकाचा वाटा ओळखणे ही युक्ति. नवे प्रसाधन लावू लागलेली स्त्री डोळे कमी चोळते, रात्री ते काळजीपूर्वक धुते, आरशात अधिक निरखून पाहते. केस कमी तुटले तर श्रेय द्रव्याचे की निगेचे? म्हणूनच तुलनेचा गट आवश्यक ठरतो. ‘इतक्या टक्के स्त्रियांना फरक जाणवला’ हे विधान जाणिवेचे आहे, मोजमापाचे नव्हे. किती स्त्रियांना विचारले आणि तुलना कशाशी केली, हे वेष्टनावर शोधावे.

वाढ हा औषधाचा विषय

पापण्या खरोखर वाढविणारे द्रव्य आधुनिक वैद्यकाला ज्ञात आहे. काचबिंदूसाठी वापरल्या जाणाऱ्या बायमॅटोप्रोस्ट या औषधाने रुग्णांच्या पापण्या वाढतात असे दिसून आले. त्यानंतर त्याच्या ०.०३ टक्के द्रावाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्ये विरळ पापण्यांसाठी मान्यता दिली. २७८ व्यक्तींवरील १६ आठवड्यांच्या तुलनात्मक चाचणीत औषध घेणाऱ्यांच्या पापण्यांची लांबी सरासरी २५ टक्के, म्हणजे १.४ मिलिमीटर वाढली. औषधाविना नुसता द्राव लावणाऱ्यांची २ टक्के वाढली. मात्र पापण्यांच्या एकूण दर्शनी श्रेणीत नुसत्या द्रावाच्या गटातीलही सुमारे १८ टक्के व्यक्तींना सुधारणा असल्याची नोंद झाली.

हे आकडे वैद्यांनी ध्यानात ठेवावेत. सिद्ध औषधाला चार महिन्यांत २५ टक्के वाढ साधते. मग प्रसाधनाच्या ६० टक्क्यांचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको. शिवाय या औषधाने खाज व लाली, पापणीची त्वचा काळवंडणे आणि क्वचित बुबुळाचा रंग कायमचा गडद होणे हे परिणाम संभवतात. वापर थांबविल्यावर पापण्या हळूहळू पूर्ववत होतात. याच वर्गातील द्रव्ये काही ‘पापणीवर्धक सीरम’मध्ये प्रसाधनाच्या नावाखाली मिसळलेली आढळली आहेत, २०११ मध्ये अमेरिकन प्रशासनाने अशा एका उत्पादकाला ताकीदपत्र दिले होते. एखाद्या सीरमने पापण्या निश्चित वाढल्या असे रुग्णा सांगत असेल, तर आनंद मानण्यापूर्वी घटकांची यादी वाचावी.

अंजन, काजळ आणि आपली बाजू

काही विक्रेते मस्काऱ्याला ‘आधुनिक अंजन’ म्हणतात. हे शास्त्रास धरून नाही. अंजन वर्त्माच्या आत, कनीनकापासून अपांगापर्यंत शलाकेने घालावयाचे असते. ते नेत्रासाठी आहे. मस्कारा बाहेरील केसांवर लागतो. सुश्रुताचार्यांनी लेखन, रोपण व प्रसादन असे अंजनाचे भेद, गुटिका, रसक्रिया व चूर्ण अशी रूपे, तसेच मात्रा सांगितली. थकलेल्या, रडलेल्या, मद्य घेतलेल्या, ज्वरित व अजीर्णग्रस्त रुग्णास अंजन निषिद्ध मानले. ज्या कल्पाला एवढे विधिनिषेध आहेत त्याचे नाव सरसकट प्रसाधनाला देणे गैर होय.

पापण्या गळणे हा आपल्याकडे सौंदर्याचा प्रश्न नसून व्याधी आहे. वाग्भटाचार्यांनी वर्त्मरोगांत पक्ष्मशाताचे वर्णन केले असून तुळशीच्या रसाची भावना दिलेल्या पुष्पकासीसाचे, ताम्रपात्रात दहा दिवस ठेवून सिद्ध केलेले अंजन त्यावर सांगितले आहे. अशा रुग्णेला मस्कारा सुचविणे म्हणजे लक्षण झाकणे. कडेचा दाह व कोंडा, अवटुग्रंथीचे विकार, चाई, केस उपटण्याची सवय यांचा शोध प्रथम घ्यावा.

हीच प्रमाणे आपल्या द्रव्यांनाही लावणे आपले कर्तव्य आहे. एरंडतेल केस स्निग्ध ठेवते, त्यामुळे तो चमकदार दिसतो व कमी तुटतो, हे मान्य होण्याजोगे आहे. त्याने पापणी लांब होते याला तुलनात्मक चाचणीचे बळ नाही. ग्रंथांत सौवीरांजन नित्य हितकर म्हटले आहे. पण बाजारात सुरमा म्हणून मिळणारा काळा दगड पुष्कळदा गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असतो. शिशाची कोणतीही मात्रा बालकांसाठी सुरक्षित मानली जात नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ बोटाने भरण्याची आपल्या घराघरांतील चाल, काजळ घरचे तुपाचे असले तरी, नखाने इजा होण्याच्या व संसर्गाच्या शक्यतेमुळे सोडून द्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. तीट लावण्याची हौस असेल तर ती डोळ्यापासून दूर, पायाच्या तळव्याला लावावी.

कायदा काय सांगतो

नेत्रप्रसाधनांवरील कायद्यांना मोठी किंमत मोजावी लागलेली आहे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जात असे. त्यातील पॅराफेनिलिनडायअमाइनमुळे अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, काहींना अंधत्व आले व एकीचा मृत्यू झाला. तेथील तत्कालीन कायद्यात प्रसाधने येतच नव्हती. ती १९३८ च्या कायद्याने आली.

भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० व सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. रंगासाठी शिसे वा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास मनाई आहे. आयुर्वेदीय सौंदर्यप्रसाधक कल्पांना आयुर्वेद औषधाच्या तरतुदींनुसार परवाना लागतो. नेत्ररोग बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याखाली येते. आयुर्वेदीय कल्पाने अपाय झाल्यास आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या केंद्राकडे नोंद करावी. अशी नोंद केल्याने आयुर्वेदाची बदनामी होते, हा समज टाकून द्यावयास हवा.

रुग्णांस द्यावयाच्या सूचना

१. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकून द्यावा. १९७७ मध्येच दूषित मस्काऱ्यातून स्यूडोमोनास जंतूंमुळे कृष्णमंडलास व्रण झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आहे. दुकानातील नमुन्याचा ब्रश डोळ्याला लावू नये.
२. घट्ट झाल्यास त्यात पाणी वा लाळ घालू नये. एकीचा ब्रश दुसरीने, अगदी सख्ख्या बहिणीनेही, वापरू नये.
३. डोळे आले असता, रांजणवाडी असता किंवा नेत्रशस्त्रकर्मानंतर वैद्याच्या अनुमतीखेरीज लावू नये. डोळे आले असताना वापरलेली नळी फेकून द्यावी.
४. झोपण्यापूर्वी न चोळता काढावा. रोजच्या वापरासाठी कोमट पाण्याने निघणारा प्रकार बरा.
५. धावत्या बसमध्ये किंवा लोकलमध्ये लावू नये. ब्रशच्या एका ओरखड्याने कृष्णमंडलास इजा होते.
६. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्दोष नव्हे. परिरक्षकाशिवायचे पाणीयुक्त प्रसाधन अधिक जपून वापरावे.

सारांश

मस्काऱ्याने पापण्या उठून दिसतात, आणि तेवढीच अपेक्षा ठेवून कोणी तो स्वच्छतेने वापरीत असेल तर वैद्याने आडकाठी करण्याचे कारण नाही. वाढीचा दावा करणाऱ्याने मात्र वाढीचे प्रमाण द्यावे, आणि ते औषधाच्या कसोटीवर द्यावे. एखाद्या उत्पादनावर आपले नाव किंवा शिफारस देण्याची विनंती आली तर वैद्यबंधू-भगिनींनी प्रथम चाचणीचा तपशील मागावा, नंतर शिशाच्या तपासणीचा अहवाल मागावा. दोन्ही मिळाले नाहीत तर नम्रपणे नकार द्यावा. आप्त म्हणून रुग्ण आपल्याकडे पाहतो. त्याच्या डोळ्यांइतकाच तो विश्वासही जपण्यासारखा आहे.