हात कुठे मोडला?

वाशिम जिल्ह्यातील केनवड गावात राहणारी दोन मुले आहेत अशी कल्पना करा. एक मुलगा कबड्डीच्या मैदानावर दुसऱ्या खेळाडूशी धडकून पडला. दुसरा शेतातल्या आंब्यावर गंमत म्हणून चढला आणि खाली कोसळला. दोघांचेही मनगटाजवळचे हाड मोडले. दोघांनाही प्लास्टर घालावे लागले. उपचार सारखेच, परंतु असे अपघात टाळायचे उपाय सारखे असतील का?

नसतील. म्हणूनच वैद्यकीय नोंदीत ‘काय मोडले’ याबरोबरच ‘कसे’ आणि ‘कुठे’ हेही लिहिण्याची सोय केलेली आहे.

जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. पुढे १९४८ साली ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात आजार व दुखापती यांचाही समावेश झाला. १९९० साली मान्य झालेल्या तिच्या दहाव्या आवृत्तीत आपल्या दोन मुलांची नोंद कशी होईल ते पाहू.

मोडलेल्या हाडाचा संकेतांक दोघांचाही एस ५२.५. दुसऱ्याशी धडकून पडणे म्हणजे डब्ल्यू ०३ आणि झाडावरून पडणे म्हणजे डब्ल्यू १४. त्यापुढचा अंक जागा सांगतो : घर ०, शाळा २, खेळाचे मैदान ३, रस्ता ४, शेत ७, नदी, तळे, सार्वजनिक बाग ८. जागा ठाऊक नसेल तर ९. शेवटचा अंक त्या वेळी काय चालले होते ते सांगतो : खेळ ०, करमणूक १. म्हणजे पहिला मुलगा डब्ल्यू ०३.३० आणि दुसरा डब्ल्यू १४.७१. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. तिचे संकेतांक वेगळे आहेत, पण जागा आणि कृती स्वतंत्रपणे नोंदवण्याचे तत्त्व तेच आहे.

याचा उपयोग काय? समजा, एका गावच्या नोंदींत डब्ल्यू ०९, म्हणजे घसरगुंडी, झोपाळा अशा साधनांवरून पडणे, आणि जागेचा अंक ८ पुन्हा पुन्हा आढळला. मग बागेत जाऊन पाहता येते. २ मीटर उंचीवरून पडणारे मूल सेकंदाला सुमारे ६.३ मीटर वेगाने जमिनीवर आदळते. टणक जमिनीवर ते २ सेंटिमीटरमध्ये थांबले आणि वाळूत १० सेंटिमीटरमध्ये, तर वाळूत शरीरावरचा सरासरी आघात सुमारे एकपंचमांश होतो. वाळू टाकणे हा उपाय पदार्थविज्ञान सुचवते. ती कोठे टाकायची हे नोंद सांगते. जागेपुढे नुसता ९ असेल तर मात्र कोणालाच काही करता येत नाही.

आपल्याकडे १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात. मोडलेल्या हाताचा असा दाखला निघत नाही. ते काम तुमच्या शाळेला करता येईल. एका वहीत चार रकाने आखा : काय दुखावले, कसे, कुठे आणि काय करताना. मुलांची नावे लिहू नका. वर्षअखेरीस शिक्षकांसह प्रत्येक जागेची बेरीज करा. सर्वांत मोठी बेरीज ज्या जागेची येईल, तेथे प्रथम जा आणि जमीन पाहा.